‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर आलं तर?

(विधिमंडळाच्या कामकाजाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देतात मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या एक लेखिका.)

प्रश्न: ताई, आमच्या गावच्या नळयोजनेबद्दल आमदारांनी अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न टाकला होता. उत्तराची प्रत सोबत जोडली आहे. ‘हे खरे नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’, बस्स. नळाला पाणी नाही हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. सरकार विधानसभेत लेखी खोटं कसं काय बोलू शकतं?
— एक माजी सरपंच, सोलापूर जिल्हा

सरपंचसाहेब, प्रत वाचली. राग येणं साहजिक आहे. पण या कागदात अजून बराच जीव आहे, तो फाडू नका.

आधी प्रश्न पाहू. वाचकांसाठी गावाचं नाव गाळून देते: ‘(१) …या गावाची नळपाणीपुरवठा योजना निकृष्ट कामामुळे गेल्या तीन वर्षांपासून बंद असल्याने ग्रामस्थांना पाण्यासाठी वणवण करावी लागत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय व त्यानुसार संबंधितांवर कोणती कारवाई केली, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तर: ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

या साच्याचे प्रश्न मी नोकरीभर हाताळले. प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून विभागाकडे येतो, तिथून ज्या कार्यासनाचा, म्हणजे विभागातल्या छोट्या शाखेचा, विषय त्या कार्यासनाकडे. कार्यासनात बसलेल्या माणसाने तुमचं गाव बघितलेलं नसतं. तो जिल्ह्याला कळवतो, ‘विधानमंडळ कामकाज, अत्यंत तातडीचे’ असं वर लिहून. जिल्ह्यातून अहवाल येतो आणि तो बहुतेक वेळा त्याच अभियंत्याच्या सहीचा असतो, ज्याच्या कामाबद्दल तक्रार आहे. अहवाल म्हणतो, योजना कार्यान्वित आहे. मग कार्यासनाची टिप्पणी, अवर सचिव, उपसचिव, सचिव असं करत फाईल मंत्र्यांपर्यंत जाते आणि उत्तर मंत्र्यांचं होतं.

आता पहिला भाग परत वाचा. त्यात किती विधानं एकत्र बांधलीत! योजना बंद आहे, तीन वर्षांपासून बंद आहे, कारण निकृष्ट काम आहे, लोक वणवण करतात. यातलं एक जरी ढिलं निघालं तरी सगळ्या भागाला ‘हे खरे नाही’ म्हणायला वाट मिळते. तुम्हीच पत्रात लिहिलंय की खालच्या आळीला आठवड्यातून एकदा अर्धा तास पाणी येतं. म्हणजे कागदावर योजना ‘बंद’ नाही. आणि दुसरा भाग ‘असल्यास’ने सुरू होत असल्यामुळे पहिला नाकारला की दुसरा आपोआप गळतो, त्याच्या मागोमाग तिसराही. उत्तर खरं की खोटं हा वाद राहू द्या, प्रश्नानेच सरकारला सुटायला जागा दिली होती.

म्हणून प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा राहील असा लिहायचा. तुमचाच प्रश्न मी असा मांडला असता: ‘(१) …या गावाच्या योजनेस कार्यारंभ आदेश कोणत्या दिनांकास देण्यात आला व काम पूर्ण करण्याची मुदत कोणती होती, (२) आजपर्यंत कंत्राटदारास किती रकमेची देयके अदा केली व मुदतवाढ दिली असल्यास ती कोणाच्या मान्यतेने, (३) मागील आर्थिक वर्षात या योजनेतून गावास किती दिवस व दरडोई किती लिटर पाणी देण्यात आले, (४) याच कालावधीत गावात टँकरच्या किती खेपा झाल्या?’

यातल्या एकाही भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं लिहिता येत नाही. तारीख असते किंवा नसते, देयक दिलेलं असतं किंवा नसतं. जलजीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर हे ठरलेलं माप आहे, त्यामुळे तिसऱ्या भागाचं उत्तर आलं की ते कशाशी ताडून बघायचं हेही कुणाला विचारावं लागत नाही. आणि चौथ्या भागावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. टँकर मंजूर करायला प्रस्ताव लागतो, महसूल खात्याची मंजुरी लागते, खेपांची नोंदवही लागते, टँकरवाल्याचं बिल निघतं. योजना उत्तम चालू आहे आणि त्याच महिन्यांत त्याच गावाला टँकरही चालू आहेत, या दोन गोष्टी एकाच उत्तरात शेजारी छापून आल्या, तर मग सभागृहात भाषणाची फारशी गरज उरत नाही.

आता हातातल्या कागदाचं काय करायचं? मंत्र्यांनी लेखी सांगितलंय की तक्रार खरी नाही. ते विधिमंडळाच्या नोंदीत गेलं. त्या महिन्यांतली टँकरची नोंद माहिती अधिकारात काढा, ग्रामसभेचा ठराव घ्या, आणि हे दोन्ही कागद आमदारांच्या हातात द्या. नियमात अर्धा तास चर्चेची सूचना आहे, पुढच्या अधिवेशनात नवा प्रश्न आहे. विशेषाधिकारभंगाची, म्हणजे सभागृहाची दिशाभूल करून त्याचा अवमान केल्याची, भाषा लगेच करू नका. जाणूनबुजून दिशाभूल केली हे सिद्ध करणं फार अवघड असतं आणि तिथे अडकलं की पाण्याचा विषय बाजूला राहतो. लोकसभेत मंत्र्यांच्या निवेदनातली चूक दाखवण्यासाठी अध्यक्षांच्या निर्देशांतल्या क्रमांक ११५ ची स्वतंत्र वाट आहे. आपल्याकडे आमदारांनी अध्यक्षांना पत्र देऊन सुरुवात करावी.

प्रश्न: टीव्हीवर सभागृहातला गोंधळ दिसतो, सभात्याग दिसतो. लेखी उत्तरं कुणी वाचतं का? त्यांनी सरकारवर खरोखर काही परिणाम होतो का?
— एक शिक्षिका, नाशिक

वाचणारे थोडे असतात, पण वाचणाऱ्यांमुळे सरकारं हलली आहेत.

लोकसभेत कामकाजाच्या एका दिवशी तोंडी उत्तरासाठी २० तारांकित प्रश्न लागतात आणि लेखी उत्तरासाठी २३० अतारांकित. त्या विसांपैकी प्रत्यक्ष तासाभरात मोजकेच पुकारले जातात, उरलेल्यांची उत्तरं लेखीच मिळतात. म्हणजे सरकार देशाला जे सांगतं, त्यातलं बरंचसं कॅमेऱ्यासमोर नसतंच, कागदावर असतं.

जुनं उदाहरण सांगते, कारण त्यात आपली मुंबई आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत डॉ. राम सुभग सिंग यांनी विचारलं की आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले आहेत का. उत्तराने समाधान झालं नाही. विषय नोव्हेंबरात पुन्हा आला आणि डिसेंबरात फिरोज गांधींनी तो तपशिलानिशी सभागृहात मांडला. विमाधारकांचे सव्वा कोटीच्या घरातले पैसे सहा कंपन्यांत गेले होते. सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांनी हे केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य चौकशी आयोग नेमला गेला, मुंबईत उघड सुनावणी झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. पहिल्या प्रश्नापासून राजीनाम्यापर्यंत अर्धं वर्षही पुरतं गेलं नव्हतं.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आठवणीतलं. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेचं अधिवेशन भरलं तेव्हा कोरोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला होता, फक्त लेखी उत्तरं सुरू होती. १४ सप्टेंबरला लोकसभेत श्रम मंत्रालयाला विचारलं गेलं की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का. उत्तर आलं की अशी आकडेवारी ठेवली जात नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. देशभर संताप उसळला. आणि त्याच आठवड्यात राज्यसभेत डेरेक ओब्रायन यांनी रेल्वे मंत्रालयाला श्रमिक विशेष गाड्यांमधल्या मृत्यूंबद्दल विचारलं. तिथे आकडा आला: ९ सप्टेंबरपर्यंत ९७. त्यातल्या ८७ मृतदेहांचं शवविच्छेदन करायला पाठवलं होतं, ५१ अहवाल मिळाले होते. हे आकडे राज्यांच्या पोलिसांच्या नोंदींतून आले होते.

सरकार तेच, आठवडा तोच. एका खात्याने हात वर केले, दुसऱ्याला ते जमलं नाही, कारण रेल्वेत माणूस दगावला की पोलिसात नोंद होतेच. म्हणून प्रश्न लिहिणाऱ्याने आधी शोधायचं असतं की नोंदवही कुणाच्या कपाटात आहे. प्रश्न त्याच खात्याला टाकायचा.

पण त्या ९७ आकड्याची कुंपणंही बघा. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. मध्य प्रदेशातली माणसं होती, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला आलेली. ते या ९७ मध्ये बसत नाहीत, कारण ते श्रमिक गाडीत नव्हते. प्रश्न गाडीपुरता होता, उत्तरही गाडीपुरतंच आलं. आकडा मिळाला म्हणजे सगळं मिळालं असं समजून कुणी थांबू नये.

उत्तराचे शब्दही कान देऊन वाचा. २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंबद्दल उत्तर आलं ते असं, की राज्यांनी अशा मृत्यूंची विशेषत्वाने नोंद कळवलेली नाही. कुणी दगावलं नाही, असं ते उत्तर म्हणत नाही. ते राज्यांनी काय कळवलं याबद्दल बोलतं. अशा वेळी पुढचा प्रश्न राज्यांच्या विधानसभांमध्ये विचारायला हवा असतो: तुम्ही केंद्राला नेमक्या कोणत्या नमुन्यात काय कळवलंत? शेतकरी आत्महत्यांच्या आपल्याकडच्या उत्तरांतही पात्र, अपात्र आणि चौकशीसाठी प्रलंबित असे तीन रकाने येतात. वर्तमानपत्रं एकूण आकडा छापतात. माझं म्हणणं, अपात्र या रकान्यावर बोट ठेवा. एक लाखाची मदत नाकारलेली ती घरं कोणत्या कारणाने अपात्र ठरली, कारणनिहाय संख्या द्या, असा प्रश्न आमदारांनी दरवर्षी विचारला पाहिजे. या रकान्यातल्या घरांचं कुणी विचारत नाही, याचं मला नोकरीत असतानाही वाईट वाटायचं आणि आजही वाटतं.

प्रश्न: सरकारला प्रश्न विचारण्याचा हा हक्क इंग्रजांनी दिला का?
— एक विद्यार्थी, अमरावती

सन १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळाच्या, सभासदांना प्रश्न विचारता येऊ लागले. मध्यवर्ती कौन्सिलात पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिनग्याच्या राजांनी विचारला, आणि तो होता गावातल्या दुकानदारांबद्दल: साहेब दौऱ्यावर आले की त्यांच्या छावणीला शिधा पुरवताना या लोकांना जो त्रास होतो त्याचं काय? त्या काळी एकदा उत्तर मिळालं की विषय तिथेच संपायचा. उपप्रश्न विचारायची मुभा १९०९ च्या कायद्याने आली, तीही मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरती. मुंबईच्या कौन्सिलात टिळक १८९५ मध्ये आणि गोखले १८९९ मध्ये निवडून गेले ते या अपुऱ्या हत्यारांनिशी. हक्क कायद्याने आला खरा, पण तो मागून, भांडून, थोडाथोडा मोठा करून घेतलेला आहे.

प्रश्न: मी माहिती अधिकारात एका अधिकाऱ्याच्या चौकशीची कागदपत्रं मागितली. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारली. आमदारांमार्फत विचारलं तर मिळेल का?
— एक माहिती अधिकार कार्यकर्ते, पुणे

तुम्हाला ठाऊक असेलच, माहिती अधिकार कायद्याच्या, वैयक्तिक माहिती नाकारायची मुभा देणाऱ्या कलम ८(१)(ञ) खाली एक फार मोलाचं वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. साधा नागरिक आणि आमदार यांना एका ओळीत बसवणारं असं वाक्य आपल्या कायद्यांत क्वचितच सापडेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ते कलम बदललं आणि हे वाक्य गेलं. कलम ८(२) खाली व्यापक जनहिताचा मुद्दा अजून मांडता येतो, अपिलात तो जरूर मांडा.

पण नागरिकाची वाट जेवढी अरुंद झाली, तेवढा आमदाराच्या प्रश्नाचा भार वाढला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना व्यक्तीचं नाव घेऊन कागद मागायला सांगू नका. नियमांत व्यक्तिगत आरोप, उपरोध, अनुमान, काल्पनिक गोष्टी बसत नाहीत, असा प्रश्न सभागृहापर्यंत जायच्या आधीच अस्वीकृत होतो. विचारायला सांगा की या विभागात अमुक वर्षात किती विभागीय चौकश्या सुरू झाल्या, किती पूर्ण झाल्या, किती एक वर्षाहून जास्त काळ प्रलंबित आहेत, आणि प्रलंबित चौकश्यांमधले किती अधिकारी आज कार्यकारी पदावर आहेत. तुमचा अधिकारी त्या आकड्यात आपोआप येईल. प्रकरण न्यायालयात असेल तर प्रश्न स्वीकारला जाणं कठीण, तेवढं आधी बघून घ्या.

प्रश्न: आमच्या व्यापारी संघटनेला एक प्रश्न सभागृहात यायला हवा आहे. ‘खर्च’ किती येतो, असं आमचे एक पदाधिकारी विचारत होते.
— एक वाचक, मुंबई

खर्च शून्य. जो पैसे मागेल त्याच्या दारात उभे राहू नका, आणि देऊ करणाऱ्या पदाधिकाऱ्यांना तुम्हीच थांबवा. १९५१ मध्ये याच मुंबईतले हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन संसदेत तिची कामं केल्याचा ठपका आला, आणि हकालपट्टीचा ठराव सभागृहासमोर असताना त्यांनी राजीनामा दिला. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांची सदस्यत्वं गेली. माहिती कुणीही द्यावी, अगदी तुमच्या संघटनेनेही. प्रश्न मात्र सदस्याचा, त्याच्या सहीचा आणि त्याच्या जबाबदारीचा असतो.

प्रश्न: ‘तपासून कार्यवाही करू’ असं मंत्र्यांनी उत्तर दिलं. दोन अधिवेशनं उलटली. आणि ताई, पुढच्या वेळी आम्ही प्रश्न कधी द्यायचा?
— एका महिला बचत गटाच्या अध्यक्ष, यवतमाळ जिल्हा

‘तपासू’, ‘माहिती घेण्यात येत आहे’, ‘विचाराधीन आहे’ ही उत्तरं टाळाटाळीची वाटतात, पण सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला समिती असते. लोकसभेत ती १९५३ पासून आहे आणि तिथे आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचा दंडक आहे. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. तुमच्या उत्तराची तारीख, प्रश्न क्रमांक आणि मंत्र्यांचे नेमके शब्द एका कागदावर लिहून आमदारांना द्या आणि हे आश्वासन समितीच्या यादीत आलं आहे का, एवढंच विचारा. नसेल तर समितीला पत्र द्यायला सांगा. आम्ही मंत्रालयात समितीच्या बैठकीची सूचना आली की जुन्या फायली शोधायला लागायचो. महिनोन्‌महिने न हललेली फाईल त्या आठवड्यात हलायची, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

प्रश्न कधी द्यायचा, तर अधिवेशन सुरू व्हायच्या कितीतरी आधी. तुमच्याकडची मंडळी नागपूरला अधिवेशन भरलं की निवेदन घेऊन निघतात, तोवर प्रश्न देण्याची मुदत संपलेली असते. मोर्चा तेव्हा न्या, प्रश्न आधी द्या. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली त्याच आठवड्यात आमदारांच्या स्वीय सहायकांना भेटा. प्रश्न एका पानात लिहून न्या, विषय एकच ठेवा, सोबत शासन निर्णयाचा दिनांक आणि तुमच्याकडचे पुरावे जोडा. तारांकितच हवा असा हट्ट धरू नका. तुम्हाला गटांच्या फिरत्या निधीचे तालुकावार आकडे हवे आहेत, ते मंत्री तोंडी सांगू शकणार नाहीत, ते परिशिष्टातच येतील. आणि प्रश्न अस्वीकृत झाला तर कोणत्या कारणाने, ते आमदारांच्या कार्यालयातून लिहून घ्या, म्हणजे पुढच्या अधिवेशनाला तेवढाच भाग दुरुस्त करून पुन्हा देता येईल.